सातवी पिशवी

आईनं नऊ पिशव्या पाठवल्या बेटावरून,
आधी फेरीबोटीनं, मग बसनं,
मग शेजारच्या ओक-बुनच्या भाच्याच्या हाती.
प्रत्येकीत मूठभर मीठ.
चिठ्ठीत एवढंच:
कोठारातल्या पोत्यांवरची सालं पुसली गेलीत.
तुझे बाबा असते तर सांगितलं असतं.
तुझ्या यंत्राला विचार.

ग्वांगजूच्या प्रयोगशाळेत
गुरुवारी रात्री लेझर रिकामा असतो.
मी मीठ कुटलं, चाळलं,
दाबाखाली कोटाच्या गुंड्यांएवढ्या वड्या पाडल्या.
नऊ गुंड्या,
एकाच सदऱ्याच्या वाटाव्यात अशा.

चष्मा. दिवे बंद.
टक्.
मोहरीहून लहान ठिणगी,
सूर्याच्या अंगाहून तापलेली,
आणि पापणी लवायच्या आत गेलेलीसुद्धा.
टक्. टक्.
एकेका वडीवर तीस घाव.

सोडियम आधी बोलतो, पिवळाधमक,
लग्नघरातल्या मामासारखा सगळ्यांत पुढं.
कॅल्शियम जांभळा.
पोटॅशियम तांबड्याच्या पार काठाशी,
उंबऱ्यात उभा, आत येऊ की नको.
मॅग्नेशियम मात्र दिसत नाही.
कडूपणा जळतो
माणसाच्या डोळ्यांना न दिलेल्या रंगात;
पडद्यावर तेवढं एक बारीक शिखर उठतं
दोनशे पंच्याऐंशीच्या जवळ.

लहानपणी दुपारी मी कोठारात झोपायचे.
पोती लाकडी फळ्यांवर, फळ्यांखाली पन्हळ.
ठिप्.
फार वेळानं पुन्हा, ठिप्.
पोत्यांतून कडूपाणी गळायचं.
बाबा म्हणायचे, तीन वर्षं रडू द्यावं त्याला, मग खावं.
शेजारचे लोक पहिल्याच वर्षी विकून मोकळे व्हायचे.
बाबांचं मीठ विकायला कधी तयारच नसायचं,
आणि त्यावरून आई जे जे बोलायची
ते मी इथं लिहीत नाही.

शिखरं उतरत्या क्रमानं लावली.
सगळ्यांत उंच ते गेल्या उन्हाळ्याचं,
त्यांच्या हातचं शेवटचं.
तिथून पायरी पायरीनं खाली
आठ पोत्यांचा जिना झाला.
सातवी पिशवी कुठंच बसेना.
तिच्यात सिलिकॉन, ॲल्युमिनियम, म्हणजे चिखल,
म्हणजे वाफ्यांना फरशी बसवण्याआधीचं मीठ,
सगळ्यांत जुनं.
आणि कडूपणा मात्र कालच खरवडल्यासारखा.
तीनदा मोजलं. आरसे पुसून परत मोजलं.

फोन केला. आई कोबी धूत होती,
पाण्याचा आवाज येत होता.
सातवी म्हटल्यावर नळ बंद झाला.
"मलाही तीच अडली होती."
म्हणजे हिनं जिभेनं आधीच लावून ठेवली होती सगळी!
"मग मला कशाला पाठवलीस?"
"बघावं म्हटलं,
तुझं यंत्र मिठाला जागतं का."

मग थोड्या वेळानं:
"ते कोपऱ्यातलं पोतं.
तू शहरात गेलीस त्या आठवड्यातलं.
त्यांनी ते प्लास्टिकात बांधलं, दोनदा गाठ मारली,
फळीवर ठेवलंच नाही.
मी म्हटलं, अहो, निथळणार कसं ते?
तर म्हणाले, असू दे."

अकरा वर्षं झाली त्याला.

मी काही बोलले नाही. तीही.
मग नळ परत सुरू झाला.
"उरलेलं परत पाठव. कोबीला नाही चालायचं,
पण भिजवून गाळून घेईन.
कडूपाण्याशिवाय टोफू धरत नाही."

वडी अजून काचेखाली होती,
तीस खड्डे, सुईनं टोचावेत तसे.
प्रयोगशाळेत काहीही चाखू नये
असं दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय,
बाहेरच्या बाजूनं.
दार मी लावून घेतलं होतं.